डाव सोडायचा कुणी, आणि कधी?

दोंडाईचा आणि आसपासच्या गावांतून ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या आणि आईशेजारी बसून कान देणाऱ्या मुलींनो, आज आम्ही बुद्धिबळावर बोलणार आहोत. मिरचीचे देठ खुडता खुडता ऐकलंत तरी चालेल. पट समोर असायलाच हवा असं काही नाही.

विषय निघाला बचत गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि एका ताईंनी विचारलं, "आमच्या पोरीचा वजीर गेला, तरी ती खेळत बसली. समोरचा मुलगा हसला. बघणारे मोठे लोकही म्हणाले, हारी गई ना तू, ऊठ आते. तर असं खेळत राहणं वाईट दिसतं का?" मुलांची स्पर्धा होती, दहा दहा मिनिटांचे डाव होते. पोर उठली, घरी आली, आणि पट कपाटावर टाकला तो अजून खाली काढलेला नाही.

प्रश्न लहान होता, पण बैठक त्यावर अर्धा तास लांबली. एकीचं म्हणणं, हरल्यावर चिकटून बसणं बरं नाही, समोरच्याचा अपमान होतो. दुसरी म्हणाली, मात झाली नव्हती ना, मग हरली कशी? दोघींच्या म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. कुठलं कधी लागू होतं, ते आज बघू.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पटावर ६४ घरं असतात, दोन्हीकडे १६-१६ मोहरे. राजा एक, वजीर एक, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. राजावर हल्ला झाला की शह. शह चुकवायला एकही वाट उरली नाही की मात, आणि डाव संपला. वजीर सगळ्यांत ताकदवान. तो गेला की घरातला कर्ता माणूस गेल्यासारखं वाटतं. पण हार-जीत राजावर ठरते, वजिरावर नाही. आणि एखादं प्यादं चालत चालत पटाच्या पार टोकाला पोचलं, तर त्याचा वजीर होतो. म्हणजे गेलेला वजीर परत मिळवायची सोयही खेळातच आहे.

डाव हरण्याचे रस्ते मुख्यतः तीन. मात होणं हा पहिला. घड्याळ लावलेलं असेल तर आपली वेळ संपणं हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे स्वतःहून "मी डाव सोडते" म्हणणं. बुद्धिबळात याला राजीनामा म्हणतात. जागतिक बुद्धिबळ संघटना, जिला फिडे म्हणतात, तिच्या नियमात हे सरळ लिहिलेलं आहे. खेळाडूने डाव सोडल्याचं सांगितलं की समोरचा जिंकतो आणि डाव त्याच क्षणी संपतो. शब्द मागे घेता येत नाही. नंतर कितीही चांगली चाल सुचली तरी उपयोग नाही.

राजीनामा हा शब्द आपण रोज ऐकतो, पण तो फोडून कधी बघत नाही. राजी आणि नामा. राजी असल्याचा कागद. आपल्या खुशीने दिलेला. आता आपल्याकडे बाईमाणसाकडून राजीनामे कसे घेतले जातात, ते ज्या ताया ग्रामपंचायतीत बसलेल्या आहेत त्यांना आम्ही सांगायला नको. "ठरलं होतं ना, आता दुसऱ्याला बसू द्या," म्हणून कागद पुढे सरकवला जातो. बुद्धिबळाच्या पटावर निदान हे चालत नाही. राजीनामा द्यायचा हक्क फक्त त्या खेळाडूचा. समोरच्याने मागायचा नाही, बघणाऱ्याने सुचवायचा नाही, पंचानेही "सोड आता" म्हणायचं नाही. उलट खेळ चालू असताना समोरच्याला कुठल्याही प्रकारे त्रास देणं किंवा त्याचं लक्ष विचलित करणं नियमाने मना आहे. म्हणजे त्या दिवशी नियम मोडला तो हसणाऱ्यांनी आणि "ऊठ" म्हणणाऱ्यांनी. मुलीने काहीही मोडलेलं नव्हतं.

मग डाव सोडण्याची रीत आली कुठून? ती आली मोठ्या, सावकाश चालणाऱ्या डावांतून. तिथे एकेक डाव चार-पाच तास चालतो. दोघीही जाणत्या असतात. एकीकडे हत्ती जास्त आहे, वेळही भरपूर आहे, आणि पुढच्या तीस चाली कशा होणार हे दोघींना आत्ताच दिसतंय. अशा वेळी हरणारी घड्याळ थांबवते, हात पुढे करते, आणि डाव संपतो. त्यात एक न बोललेलं वाक्य असतं की तुला हा डाव जिंकता येतो हे मला माहीत आहे, ते तू मला सिद्ध करून दाखवायची गरज नाही. हा समोरच्याचा मान आहे. जाणत्या खेळाडूंच्या डावात मातेपर्यंत क्वचितच गोष्ट जाते. सिनेमात दाखवतात तसा राजा आडवा पाडायलाच हवा असंही नाही. हात मिळवला, पुरे झालं.

आखाजीला आपल्याकडे गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि पारावर पुरुषमंडळी तीन पत्ती घेऊन बसतात. तिथे पानं बरी नसली की माणूस पॅक करतो आणि कुणी त्याला हसत नाही, कारण त्याने पैसे वाचवले. बुद्धिबळात सोडून काही वाचत नाही. सोडलं तरी एक डाव गेला, मात झाली तरी एकच डाव गेला. शेवटपर्यंत बसण्याची किंमत एवढीच, की थोडा वेळ जातो आणि थोडं बोचतं. दुसरा फरक असा की पत्ते झाकलेले असतात, इथे सगळं उघड्यावर आहे. तरीही माणसाला समोरचं दिसत नाही, ही मोठी गंमत आहे.

किती दिसत नाही त्याचा एक जुना किस्सा सांगतो. १९०२ साली युरोपात मोंटे कार्लो इथे मोठी स्पर्धा होती. गेओर्ग मार्को नावाचा नामांकित खेळाडू काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, समोर होता पोपील. मार्कोचा एक उंट अडकला होता. हलवावा तर मागचा वजीर उघडा पडतो, न हलवावा तर उंटच मारला जातो. मार्कोने विचार केला आणि डाव सोडला. नंतर लक्षात आलं की त्याच उंटाला एका कोपऱ्याजवळ नेण्याची चाल होती. तिने एकाच वेळी मातेची धमकी दिली असती आणि समोरचा वजीरही धोक्यात आणला असता. म्हणजे ज्या क्षणी त्याने हात पुढे केला, त्या क्षणी तो जिंकत होता. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी बुद्धिबळ शिकवणारे हा डाव अजून दाखवतात. डाव सोडून कुणी कधी डाव जिंकलेला नाही, असं बुद्धिबळातले लोक म्हणतात ते उगीच नाही.

आता येऊ जलद डावाकडे, कारण आपल्या मुली खेळतात ते बहुतेक हेच. फिडेच्या नियमानुसार प्रत्येकाला दहा मिनिटांपेक्षा जास्त पण तासापेक्षा कमी वेळ असेल तर तो जलद डाव, त्याला रॅपिड म्हणतात. दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असेल तर अतिजलद, म्हणजे ब्लिट्झ. त्या मुलीचा दहा मिनिटांचा डाव या दुसऱ्या प्रकारातला होता. पटाशेजारी एक घड्याळ असतं, त्याला दोन बाजू. मी चाल केली, बटण दाबलं, की माझी वेळ थांबते आणि तुझी सुरू होते. ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने बटण दाबायचं, हाही नियम आहे. नाही तर एक हात पटावर आणि दुसरा घड्याळावर, अशी झोंबाझोंबी होईल.

या घड्याळाने सगळं बदलतं. सावकाश डावात वेळ म्हणजे विचार करायची सोय. जलद डावात वेळ हाही एक मोहराच आहे. एकीकडे वजीर जास्त आहे पण घड्याळात आठ सेकंद उरलेत. दुसरीकडे वजीर नाही पण दोन मिनिटं आहेत. सांगा, पुढे कोण आहे? जिच्याकडे वजीर आहे तिने तो मिळवायला वेळ खर्च केला. समोरचीने वेळ राखला आणि मोहरा गमावला. हा व्यवहार दोघींनी आपल्या मर्जीने केला. म्हणून जलद डावात वजीर नसताना खेळत राहणं हा अपमान नाही, रडीचा डाव तर मुळीच नाही. वेळ संपून हरलेली मुलगी कधी कधी म्हणते, "मी खरं तर जिंकत होते." आमचं मत स्पष्ट आहे. दहा मिनिटांत जिंकायचं होतं, ते अकराव्या मिनिटाला जिंकून चालत नाही. सुरतेची गाडी दोंडाईच्याच्या फलाटावरून सुटली, की आपण तिकीट काढलं होतं हे कुणाला सांगून काय उपयोग?

पण घड्याळ दोन प्रकारे लावतात, आणि रीत ठरवताना हा फरक महत्त्वाचा आहे. एक प्रकार साधा. दहा मिनिटं, संपली की संपली. दुसऱ्यात प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून मिळतात. जागतिक रॅपिड स्पर्धेत १५ मिनिटं असतात आणि प्रत्येक चालीला १० सेकंद मिळतात. ब्लिट्झमध्ये ३ मिनिटं आणि २ सेकंद. जिथे चालीमागे दहा सेकंद मिळतात, तिथे वजीर जास्त असलेली जाणती खेळाडू घाई न करता मात करू शकते. तिथे अगदी नागडा राजा घेऊन फिरत राहण्यात फारसा अर्थ नसतो, आणि मोठ्या बाया तिथे डाव सोडतात. जिथे सेकंद वाढत नाहीत, तिथे शेवटच्या टोल्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून स्पर्धेला मुलगी पाठवताना आधी विचारून घ्या की चालीला सेकंद मिळतात का. उत्तरावरून शेवटी कसं खेळायचं ते ठरतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातल्या मुलीचं आहे. नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात महिलांचा विश्वचषक झाला. बातुमी काळ्या समुद्राच्या काठावर आहे. हा देश बायकांच्या बुद्धिबळासाठी जुना प्रसिद्ध. तिथल्या नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षं जगज्जेत्या होत्या, आणि ग्रँडमास्टर हा सर्वोच्च किताब मिळवणारी पहिली बाई त्याच. तिकडे लग्नात मुलीला बुद्धिबळाचा पट द्यायची जुनी रीत होती असं सांगतात. आपल्याकडे भांडीकुंडी देतात, त्यात एक पट ठेवायला काय हरकत आहे, असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं. असो.

तर त्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन्हीकडे भारतीय. एकीकडे १९ वर्षांची दिव्या, दुसरीकडे ३८ वर्षांच्या कोनेरू हम्पी. हम्पी आंध्र प्रदेशच्या, २००२ साली ग्रँडमास्टर झालेल्या, आणि २०१९ व २०२४ अशा दोन वेळा महिलांच्या जागतिक रॅपिड विजेत्या. म्हणजे जलद डावात हम्पींचं नाव मोठं. सावकाश चालणारे दोन डाव बरोबरीत सुटले, आणि २८ जुलैला निकाल जलद डावांवर आला. १५ मिनिटं, चालीमागे १० सेकंद. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळे मोहरे होते. डाव लांबला, पटावर थोडेच मोहरे उरले, हम्पींची वेळ कमी पडू लागली. शेवटच्या टप्प्यात दोघींकडूनही चुका झाल्या, पारडं इकडून तिकडे झुकलं. हम्पींनी शेवटपर्यंत झुंज दिली, आणि आता काहीच उरलं नाही हे दिसल्यावर डाव सोडला. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली, तो क्षण तुमच्यापैकी अनेकींनी मोबाइलवर पाहिला असेल. ती विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली आणि त्याच विजयाने भारताची ८८ वी ग्रँडमास्टरही झाली.

दिव्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. आम्हाला इथे हम्पींबद्दल बोलायचं आहे. अंतिम फेरीआधी उपांत्य फेरीत त्यांची गाठ चीनच्या लेई तिंगजीशी होती. तिथेही गोष्ट जलद डावांवर गेली, आणि दहा मिनिटांच्या डावांत हम्पी एक डाव हरल्या. पुढचा डाव हरल्या किंवा बरोबरीत सुटला, तरी अंतिम फेरी हुकली. त्यांनी तो जिंकला, मग पाच मिनिटांचे दोन्ही डाव जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. डाव सोडणं आणि हार मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसतं. ज्या बाईला एक डाव सोडून, पाणी पिऊन, पुढच्या डावाला ताठ बसता येतं, तिने सोडलेला डाव म्हणजे खरा राजीनामा. आमच्या पोरीकडून घेतला तो नव्हे.

पुरुषांमधलं एक उदाहरण त्याच वर्षीचं आहे. जून २०२५, नॉर्वेतलं स्टाव्हँगर. आपला जगज्जेता गुकेश आणि समोर मॅग्नस कार्लसन, ज्याला आजवरच्या सगळ्यात थोर खेळाडूंमध्ये मोजतात. डाव सावकाश प्रकारातला होता, पण शेवटी दोघेही वेळेच्या टंचाईत, चालीमागे मिळणाऱ्या दहा सेकंदांवर खेळत होते. कार्लसन बराच वेळ जिंकत होता. दुसऱ्या कुणी केव्हाच हात पुढे केला असता. गुकेशने केला नाही. तो एकेक चाल शोधत राहिला, आणि कार्लसनकडून मोठी चूक झाली. डाव फिरला आणि शेवटी कार्लसनलाच सोडावा लागला. त्याने रागाने टेबलावर मूठ आपटली, मोहरे पडले. मग त्याने हात मिळवला, माफी मागितली आणि जाता जाता गुकेशच्या पाठीवर थाप दिली. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही हरणं इतकं लागतं. राग त्याचा स्वतःच्या चुकीवर होता. "तू आधीच सोडायला हवं होतंस" असं काही तो गुकेशला म्हणाला नाही.

"ऊठ" म्हणणाऱ्यांचीही महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. १९७६ मध्ये रोहिणीताई अवघ्या १३ वर्षांच्या असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. असं आधी कुणी बाईने केलं नव्हतं. गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी फिडेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की बायकांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून अडवता येणार नाही. पुढे रोहिणीताई पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्याही. आता विचार करा, तेराव्या वर्षी त्यांनी "नको बाबा, उगीच वाद," म्हणून पटावरून पाय मागे घेतला असता तर?

बरं, म्हणजे कसंही खेळलं तरी चालतं का? नाही. खेळत राहण्याची पण एक रीत आहे, आणि इथे पहिल्या ताईचं म्हणणं खरं ठरतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे हरायला आलं की हात बांधून नुसतं बसणं. चाल करायची नाही, डाव सोडायचा नाही, घड्याळ संपेपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवायचं. नियमाने ही तुमचीच वेळ आहे, पण हा रुसवा आहे, खेळ नाही. खेळायचं असेल तर चाल शोधा, नसेल तर सोडा. तसंच दर दुसऱ्या चालीला "बरोबरी करू या का?" विचारत राहणं हा त्रास देण्याचाच प्रकार मानतात. उसासे टाकणं, मोहरे आपटणं, बटणावर बुक्की मारणं, आणि डाव संपल्यावर हात न मिळवता निघून जाणं, हे सगळं त्यातच आलं.

मोबाइलवर हे जास्त चालतं, कारण समोरचा चेहरा दिसत नाही. तिथे डाव सोडायला झेंड्याचं चित्र असलेलं बटण असतं. ते न दाबता खेळातून बाहेर पडलं, तर समोरची व्यक्ती आपली वाट बघत बसते, आणि असं वारंवार केलं तर खेळायला बंदीही येऊ शकते. आपल्याकडे लाइट जाते, नेटवर्क जातं, ते वेगळं. समोरच्याला मात्र ते कळत नाही, त्याला वाटतं ही पळाली. म्हणून लाइट जायच्या वेळेला मोठा डाव लावू नका.

जिंकणाऱ्या बाजूची रीत कुणी शिकवत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. वजीर मिळाला की काही मुलांना मात करायची घाई नसते. ते समोरच्याचं एकेक प्यादं वेचत बसतात, मग स्वतःच्या प्याद्यांचे आणखी दोन-तीन वजीर करतात. समोरच्याला खिजवायचं असतं. याची शिक्षा खेळातच आहे. समोरच्याच्या राजाला शह नाही, पण त्याच्याकडे हलवायला एकही मोहरा नाही आणि राजाला पाऊल टाकायला एकही सुरक्षित घर नाही, अशी कोंडी झाली तर डाव बरोबरीत सुटतो. तीन वजीर घेऊन बरोबरी. मुलांच्या स्पर्धेत हे पुष्कळदा होतं. म्हणून ज्या मुलीचा फक्त राजा उरलाय तिनेही खेळावं. मात करणं हे समोरच्याचं काम आहे, ते त्याला येतं का ते बघावं. पन्नास चालींत दोन्हीकडून एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही, तर बरोबरी मागता येते. ज्याला राजा आणि हत्ती घेऊन मात करता येत नाही, तो पन्नास चाली नुसता हत्ती फिरवतो.

शिकणाऱ्या मुलींनी म्हणूनच मात होईपर्यंत खेळावं असं आमचं मत आहे. मात कशी झाली हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती पुढच्या डावात चुकवता येत नाही. समोरच्याचंही भलं होतं, त्याला मात करायला शिकता येतं. जुन्या खेळात प्याद्याने केलेल्या मातेला वेगळं नावच होतं, प्यादेमात. वजिराने हरवलं तर समजू शकतं, पण प्याद्याने! ज्याने ती केली तो आठ दिवस गावभर सांगत फिरणार. पण खेळली म्हणून तर झाली ना.

जरा अनुभव आला की डाव सोडायला शिकायचं. तेव्हा स्वतःला विचारा, समोर मी असते तर मला हा डाव जिंकता आला असता का? तिच्याकडे तेवढा वेळ आहे का? आणि मी सोडतेय ते पट बघून, की बघणाऱ्यांचे चेहरे बघून? पट बघून सोडत असाल तर खुशाल सोडा. चेहरे बघून असेल तर मान खाली घाला आणि पुढची चाल शोधा.

आता गटाच्या कामाचं. कापूस वेचणी संपली की मुलींसाठी आणि सुनांसाठीही एका रविवारी बुद्धिबळाचे डाव ठेवायचं बैठकीत ठरलं आहे. प्लास्टिकचा पट आणि मोहरे फार महाग नसतात, दोन घरांत एक पुरतो. घड्याळ विकत घ्यायची गरज नाही, मोबाइलमध्ये बुद्धिबळाचं घड्याळ फुकट उतरवून घेता येतं. फोन आडवा ठेवला की दोन बाजूंना दोन वेळा दिसतात. आपण पंधरा मिनिटं आणि चालीमागे पाच सेकंद ठेवणार आहोत, म्हणजे नुसत्या घड्याळासाठी झोंबाझोंबी होणार नाही. बघणाऱ्यांना पटापासून दोन पावलं लांब उभं करू. आई असली तरी. जो बोलेल त्याला पंच बाहेर पाठवेल, आणि पंच कुठल्याही खेळाडूची नातेवाईक नसेल.

एक शेवटचा नियम आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्यावर हमखास भांडण होतं. समजा तुमची वेळ संपली, पण समोरच्याकडे नुसता राजा उरला आहे. नुसत्या राजाने कुणाची मात होऊच शकत नाही, त्यामुळे तो जिंकत नाही, डाव बरोबरीत धरतात. त्याच्याकडे एक जरी प्यादं असेल तर मात्र तो जिंकतो, कारण त्या प्याद्याचा पुढे वजीर होऊ शकला असता. हे पंचताईंनी वहीत लिहून घ्यावं. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी पुढच्या बैठकीत गटाच्या सचिवताईंकडे द्यावं. वयाची अट नाही.